आधी आईच्या जिभेला

शर्वरी मगदूमला आपल्या पोटच्या पोरीची भीती वाटायची. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्याला तर नाहीच. सहा वर्षांची केतकी स्वयंपाकघरात आली की शर्वरीचा हात आपोआप विळीकडे जायचा, ती उचलून वरच्या फळीवर ठेवायला. पोरगी पाठीमागं येऊन उभी राहिली की हिच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. भाकरी थापता थापता ती कानांनी पोरीचा माग काढत राहायची. आता बाहेरच्या खोलीत आहे, आता जिन्यापाशी, आता मांजराशी काहीतरी बोलतेय. आणि बोलणं थांबलं की भाकरी तव्यावर करपली तरी बेहत्तर, शर्वरी धावत जाऊन बघून यायची.

केतकी बहुतेक वेळा काहीच करत नसायची. मांजराच्या पाठीवर हात ठेवून बसलेली असायची. शर्वरी मात्र तो हात मांजराच्या मानेपासून किती लांब आहे ते बघायची.

या भीतीला कारण होतं, आणि ते शिक्क्यानिशी घरी आलं होतं.

पत्रिकेचं वेड आपल्या लोकांना नवं नाही. आधी ग्रहांची बघायचे, मग रक्तगटाची बघू लागले, आणि केतकी जन्मली त्या सुमारास स्वभावपत्रिका आली. तिचं खरं नाव लांबलचक होतं, ते काही कुणाच्या तोंडी बसलं नाही. बाळाच्या तोंडातली लाळ एका मऊ ब्रशावर घ्यायची, ब्रश नळीत बंद करायचा आणि नळी सांगलीच्या अंकुर केंद्राकडे पाठवायची. पुढचं काम यंत्राचं. केतकीनं त्या दिवशी तोंड असं घट्ट मिटून घेतलं होतं आणि रडून घर असं डोक्यावर घेतलं होतं, की शर्वरीनं कसाबसा ओठांवरून ब्रश फिरवला, नळी बंद केली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. महिन्याभरानं पत्रिका आली. ती लाल होती.

केंद्रातल्या डॉक्टर निखत मुजावर यांनी दोघा नवरा-बायकोंना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं होतं. बाई मिरजेच्या, बोलणं सावकाश, घाई म्हणून नाही.

"माणसाच्या प्रत्येक पेशीत अक्षरांची एक प्रचंड पोथी असते," त्या म्हणाल्या. "त्यातलं अमुक एक अक्षर माणसाला रागीट करतं, तमुक अक्षर मायाळू करतं, असं नसतं. हजारो अक्षरं असतात. एकेकाचं वजन राईएवढं. पण सगळी एका पारड्यात टाकली की पारडं कुठंतरी झुकतं. यंत्र ते झुकणं मोजतं."

"म्हणजे जन्मतःच ठरलेलं?" अभिनंदननं विचारलं. हा शर्वरीचा नवरा, तासगावजवळच्या मळ्यात द्राक्षबाग करणारा.

"अर्धंच. अक्षरं जन्मभर तीच राहतात, पण त्यांतली कुठली वाचली जाणार आणि कुठली मिटून राहणार, ते घर ठरवतं. मूल भीत भीत वाढलं की शरीर काही अक्षरांवर रासायनिक टोपणं बसवतं. निर्धास्त वाढलं तर दुसऱ्याच अक्षरांवर. तुम्ही बागाईतदार आहात म्हणून सांगते. बोरी बांधावर कुठंही येते. पाणी द्या, नका देऊ, तिचं चाललेलं असतं. द्राक्षवेलीला मात्र नुसतं आभाळ भरून आलं तरी बाधतं. माणसांतही असे दोन प्रकार आहेत. हा नमुना वेलीच्या जातीचा आहे."

मग त्यांनी निकाल वाचला. भीतीच्या वातावरणात माया आटण्याची आणि आपल्याहून दुबळ्या जिवावर कठोर होण्याची दाट शक्यता. शर्वरीच्या कानांत गरम पाणी ओतल्यासारखं झालं. डॉक्टर पुढंही बोलत होत्या, की अशीच माणसं प्रेमाच्या, निवांत घरात वाढली तर चारचौघांपेक्षा जास्त मायाळू निघतात आणि हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच मोलाचं आहे. पण ते ऐकायला शर्वरीचे कान जागेवर नव्हते. ती मांडीवरच्या बाळाकडे बघत होती. बाळ तिच्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरून ओढत होतं. ओढायला जोर बराच होता.

परत येताना गाडीत अभिनंदन म्हणाला, "अगं, आपल्या बागेतला प्रत्येक खुंट जंगली हाय. त्यावर कलम करतो, छाटणी करतो, तवा घड लागतोय. खुंट कोण खातंय का? येवढं काय मनाला लावून घेतीस?"

त्याचं म्हणणं शहाणपणाचं होतं. पण शहाणपणानं भीती गेली असती तर जगात देवर्षी आणि मांत्रिक उपाशी मेले असते.

लाल पत्रिकेच्या घराला केंद्राकडून एक यंत्र मिळायचं, भिंतीवर लावायचं, वाटीएवढं. त्याला कानोसा म्हणायचे. घरातले आवाज ऐकायचे, कोण कुणाशी कसल्या सुरात बोलतंय ते जोखायचं आणि हिरवा, पिवळा किंवा तांबडा दिवा दाखवायचा, एवढंच त्याचं काम. सांगितलेले नियमही सोपे होते. मूल चिडलं तर थोडा वेळ एकटं बसू द्यावं, दार उघडं ठेवून, नजरेच्या टप्प्यात. शर्वरीनं त्यासाठी जिन्याखालची खोली निवडली. तिथं बेदाण्याची रिकामी खोकी रचलेली असायची. पहिल्या खेपेला दार उघडं होतं. मग तिला वाटलं, ही बाहेर आली आणि आपण पाठमोऱ्या असलो तर? मग दार लोटलं गेलं. पुढं कधीतरी कडी लागली. नेमकी कधी, ते तिला आठवत नव्हतं.

सुरुवातीला केतकी आतून रडायची, दारावर थापा मारायची. नंतर तिनं रडणं सोडून दिलं. त्याची तर शर्वरीला जास्तच भीती वाटायला लागली. साधं लेकरू असतं तर रडलं असतं, असं तिला वाटे.

तिनं पोरीला कधी उपाशी ठेवलं नाही. कपडे स्वच्छ, वेणी चापूनचोपून, डबा वेळेवर. फक्त कुशीत घेणं कमी कमी होत गेलं. आक्का, म्हणजे तिची सासू, एकदा म्हणाली होती, "तू पोरीला वाढवालीस का राखालीस गं?" शर्वरीनं ते मनावर घेतलं नाही. आक्काला पत्रिकेतलं काय कळतंय?

त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम आल्या. केतकीचं पहिलीचं वर्ष आलं आणि नणंद पद्मजा बाळंतपणाला माहेरी आली.

लाल पत्रिकेच्या मुलाला साध्या शाळेत बसवायचं तर नाकात सोडायचे थेंब चालू करावे लागत. त्यांना शमन म्हणत. आईबापांना घरी सांभाळणं झेपत नसेल तर डोंगरावरची निवासी शाळा होती. तिथं थेंब होतेच आणि सुट्टी वर्षातून एकदा. अभिनंदन दोन्हींच्या विरुद्ध होता. विषय निघाला की तो टोपी चढवून बागेत निघून जायचा. शर्वरीनं थेंबांच्या संमतीवर अंगठा टेकवून टाकला होता. त्या थेंबांनी नेमकं काय होतं, हे तिनं विचारलं नव्हतं. मूल शांत होतं, एवढं तिला पुरे होतं.

पद्मजाला मुलगा झाला. पाळणा मधल्या खोलीत टांगला गेला आणि शर्वरीच्या जिवाला घोर लागला. तिनं केतकीला बजावलं, पाळण्याच्या आसपास फिरकायचं नाही. केतकी फिरकली नाही. ती उंबऱ्याच्या अलीकडं बसून राहायची आणि तिथूनच आजीचं गुटी उगाळणं बघायची.

आक्काच्या हाताला गुटीचं वळण पक्कं होतं. सहाण धुवायची, त्यावर दोन थेंब दूध, मग हिरड्याचे दोन वेढे, वेखंडाचा एक, हळकुंडाचा एक, जायफळ नुसतं टेकवायचं. उगाळून झालं की आक्का सहाण पद्मजापुढं धरायची. पद्मजा बोट बुडवून आधी आपल्या जिभेला लावायची आणि मगच बाळाला चाटवायची.

"आत्या का खाती आदी?" केतकीनं उंबऱ्यावरूनच विचारलं.

"तशी रीत हाय बाई," आक्का म्हणाली. "बाळाच्या तोंडात काय बी घालायचं तर आदी आईच्या जिभंला लागाय पायजे. कडू असंल तर आईला कळतंय. इख असंल तर आईला बाधतंय, लेकरू वाचतंय. तुझ्या आईला बी म्याच शिकवलंय. तू तान्ही हुतीस तवा तुज्या तोंडात जाणारी एकूण एक वस्तू ती आदी स्वतःच्या तोंडात घालून बघायची. पाण्याचा चमचासुदीक."

"आणि आई जवळ नसली तर?"

"मग जी जवळ असंल तिनं करायचं."

शर्वरी भांडी विसळता विसळता हे ऐकत होती. पोरगी एवढी चौकशी का करतेय, हाच विचार तिच्या मनात आला. विष हा शब्द तिच्या डोक्यात अडकून बसला तो दिवसभर निघाला नाही.

आठवड्याभरातच ते घडलं. सकाळची कामं उरकून शर्वरी तासगावला निघाली होती. तिथल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये ती बेदाण्याची प्रतवारी बघायची. फाट्यापर्यंत गेली आणि तिला शंका आली, विळी वर ठेवली का? ती परत फिरली. घरात शिरली तर सगळं चिडीचूप. पद्मजा न्हाणीघरात होती, आक्का परसात. आणि मधल्या खोलीत खुर्चीवर चढून केतकी पाळण्यात वाकली होती. तिचं बोट बाळाच्या तोंडात होतं. बोटाला तपकिरी काहीतरी लागलं होतं. बाळाचा आवाज येत नव्हता.

पुढचं शर्वरीला तुकड्यातुकड्यानं आठवतं. तिनं पोरीचा दंड धरून खेचला. खुर्ची कलंडली. केतकी फरशीवर आपटली, तरी हिनं दंड सोडला नाही. एक थोबाडीत बसली, मग आणखी एक, मग किती ते तिलाच ठाऊक नाही. बाळ किंचाळून रडायला लागलं. आक्का परसातून धावत आली. "अगं सोड! गुटी हाय ती! मी पाणी आणाय गेले, लेकरू रडालतं म्हणून तिनं चाटवली! सोड म्हणते ना!" शब्द कानावर पडत होते, पण हात थांबत नव्हता. ती पोरीला फरफटत जिन्याखाली घेऊन गेली, आत लोटलं आणि कडी लावली. मग दाराला पाठ लावून खाली बसली. समोर भिंतीवर कानोशाचा दिवा तांबडा झाला होता.

आतून रडण्याचा आवाज नाही. बऱ्याच वेळानं केतकीचा बारीक, अगदी शांत आवाज आला.

"आई, मी आदी माझ्या जिभेला लावली होती. कडू नव्हती."

शर्वरीनं कडी पुन्हा चाचपून बघितली. सहा वर्षांची पोर, एवढा मार खाऊन, एवढ्या थंडपणानं बोलते? डॉक्टरांनी सांगितलं होतं ते हेच. हीच ती आटलेली माया.

संध्याकाळी अभिनंदन घरी आला तेव्हा त्यानं पोरीच्या गालावरची बोटं बघितली. तो जेवला नाही. शर्वरीच म्हणाली, "डोंगरावरच्या शाळेत पाठवायची. मला आता झेपत नाही. उद्या ह्या घरात काही झालं तर त्याचं पाप कोण घेणार?"

"पोरगी गुटी चाटवत हुती, शर्वरी."

"ह्या खेपेला गुटी होती."

भित्र्या माणसाशी वाद घालणं अवघड. जे झालं नाही त्याचीच तो साक्ष काढत असतो.

निवासी शाळेत नाव घालायचं तर केंद्रात जाऊन मुलीचं नवं रक्त द्यावं लागे, कारण टोपणं वयाप्रमाणं बदलतात. रक्त काढताना केतकीनं हूं की चूं केलं नाही. घरी आल्यावर शर्वरीनं माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली, पुसली आणि पोरीचे कपडे भरायला घेतले. केतकी शेजारी बसून एकेक फ्रॉक उचलून देत होती. तिनं एकदाही, मी कशाला जायचं, असं विचारलं नाही.

डॉक्टर मुजावरांचा फोन आला तो शर्वरीला एकटीला बोलावणारा. "येताना मुलीला आणू नका," त्या म्हणाल्या.

दुपारच्या उन्हात शर्वरी सांगलीला पोचली. सहा वर्षांत डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला आणि शर्वरीचं पिऊन होईपर्यंत थांबल्या.

"मुलीचा नवा नमुना जुन्याशी जुळत नाही," त्या म्हणाल्या. "दोन नमुने दोन वेगळ्या माणसांचे आहेत."

शर्वरीला आधी काही उमजलंच नाही. मग तिच्या छातीत आनंदाची एक उबळ आली. "म्हणजे पत्रिका दुसऱ्या कुणाची? केंद्रात अदलाबदल झाली?"

"आम्हीही आधी तेच तपासलं. अदलाबदल नाही. जुना नमुना केतकीच्या अगदी जवळच्या नात्यातल्या बाईचा आहे. आईचा." डॉक्टरांनी दोन्ही कागद तिच्यापुढं ठेवले. "तो तुमचा आहे, शर्वरीताई. मला फक्त एवढं कळत नाही, तुमची लाळ ब्रशावर आली कशी?"

खोलीतला पंखा फिरत होता. शर्वरीला तो दिवस लख्ख दिसला. पाळण्यात टाहो फोडणारं बाळ, हातात केंद्राचा पांढरा ब्रश. ब्रश बाळाच्या तोंडात जाणार होता. त्याला काय लावलंय कोण जाणे, खरखरीत तर नाही, कडू तर नाही. तिनं तो आधी आपल्या तोंडात घातला होता. जिभेवरून, गालाच्या आतून, चांगला घोळवून बघितला होता. मग केतकीनं तोंड उघडलंच नाही. इख असंल तर आईला बाधतंय.

"रीतच आहे आमच्यात," ती पुटपुटली. पुढचं तिला बोलवेना.

डॉक्टरांना ते पुरेसं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. "तेव्हा बाळाची ओळख पटवायला आईचा नमुना ठेवत नव्हते. आता ठेवतात."

"मग केतकी? केतकीची खरी पत्रिका?"

"साधी आहे. अगदी साधी. बांधावरची बोरी."

शर्वरी रडायला लागली. रडता रडता हसायलाही लागली, आणि मग डॉक्टर हसत नाहीत हे तिच्या ध्यानात आलं.

"अक्षरं साधी आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पण टोपणं बसलीत. पुष्कळ. रोजच्या भीतीत वाढलेल्या मुलांची असतात तशी. बोरीसुद्धा बुडाशी रोज चटका दिला तर वाकडी होतेच की."

"पण मी कुठं..." शर्वरी थांबली. कानोशाचा तांबडा दिवा तिला आठवला.

"कानोशाचा हिशोब माझ्यासमोर आहे. ह्या घरात चढलेला, धारदार, हुकमी आवाज ज्या माणसाचा आहे ती केतकी नाही. गेली सहा वर्षं ती कधी नव्हतीच. आम्ही पत्रिका तिची धरून चाललो होतो, म्हणून आमचंही लक्ष तुमच्याकडं गेलं नाही. ती आमची चूक."

भीतीच्या वातावरणात माया आटण्याची आणि आपल्याहून दुबळ्या जिवावर कठोर होण्याची दाट शक्यता. ते वाक्य शर्वरीला पाठ होतं. सहा वर्षं ती ते पोरीच्या चेहऱ्यावर शोधत आली होती. यंत्रानं चूक केली नव्हती. शब्दन् शब्द खरा ठरला होता, फक्त माणूस दुसरं होतं.

"पण मला भीती कुणाची होती?" ती ओरडलीच. "मी चांगल्या घरात वाढले. आईनं मला कधी बोट लावलं नाही. मी कुणावर हात उचलला नव्हता. बाळंतपणापर्यंत तर मी... लोक म्हणायचे, शर्वरी म्हणजे मायेचं माणूस. मला भीती घातली ती तुमच्या पत्रिकेनं!"

डॉक्टर मुजावरांनी ते दोन्ही कागद उचलून मिटले. "हो," त्या म्हणाल्या. "मला तसंच वाटतं."

एवढं कबूल करणारी बाई समोर असली की भांडायलाही जीव राहत नाही. शर्वरीनं पदरानं तोंड पुसलं.

"टोपणं निघतात का?"

"बरीच निघतात. वेळ लागतो. आणि सुरुवात एकाच गोष्टीनं होते. ज्याची भीती वाटते ते घरातून जावं लागतं." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "नियमानं आता लाल पत्रिका तुमच्या नावावर येईल. कानोशाचा हिशोब सोबत आहे, त्यामुळं मुलीबरोबर एका घरात राहता येणार नाही. नाहीतर शमनचे थेंब घ्यावे लागतील. घेतले तर आजच घरी जाऊ शकता."

"त्या थेंबांनी नेमकं काय होतं?"

विचारून झालं आणि शर्वरीला स्वतःचीच लाज वाटली. पोरीच्या नावानं अंगठा टेकवताना हा प्रश्न तिच्या जिभेवर आला नव्हता. प्रत्येक चमचा आधी स्वतःच्या तोंडात घालणारी आई ती, पण ते थेंब चाखून बघावेत असं तिला वाटलं नव्हतं.

"भीती जाते," डॉक्टर म्हणाल्या. "तिच्याबरोबर बाकीचंही थोडं थोडं जातं. मूल रडलं की आईच्या पोटात तुटतं ना, ते तुटत नाही. माणूस बरा वागतो. पण लांबून वागतो."

शर्वरीनं आपल्या हातांकडं बघितलं. हे हात तिचेच होते, बेदाणा पारखणारे, भाकरी थापणारे. आज सकाळी याच हातांनी तिनं पोरीची वेणी घातली होती. तिला त्यांची भीती वाटायला लागली, आणि ही भीती आधीच्या कुठल्याही भीतीहून मोठी होती, कारण हिच्यापासून विळी वरच्या फळीवर ठेवून सुटका नव्हती.

"थेंब नकोत," ती म्हणाली. "मी जाते."

ती घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. कृष्णेपलीकडं तिच्या भावाचं घर होतं. तिथं राहायचं, डॉक्टर म्हणतील तेव्हा, म्हणतील तितका वेळ, कुणीतरी सोबत असताना पोरीला भेटायचं, असं ठरलं होतं. तिनं अभिनंदनला आणि आक्काला सगळं सांगितलं. अभिनंदन खाली बसला. आक्का आत गेली. पोरीचा जीव राखायचा म्हणून तिनं जी रीत सुनेला शिकवली, तिचं असं व्हावं, हे त्या म्हातारीला सोसेना.

केतकी पेटीपाशी होती. तिनं आपले फ्रॉक नीट लावून ठेवले होते.

"मी कधी जायचं?" तिनं विचारलं.

"तू नाही जायचं," शर्वरी म्हणाली. "तू इथंच राहायचं, बाबांजवळ, आजीजवळ. आई जाणार आहे."

केतकीच्या छातीतून एक श्वास सुटला. लांब, मोकळा. खांदे खाली आले. आई जाणार हे ऐकून त्या लेकराला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, आणि ते शर्वरीनं डोळ्यांनी बघितलं. मग केतकीचा चेहरा बदलला, तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

शर्वरीनं तिच्या केसांवरून फिरवायला हात उचलला. केतकीनं झटकन मान खाली घातली आणि डोळे गच्च मिटले. हात तसाच हवेत राहिला. मग शर्वरीनं तो हळूच मागं घेतला आणि पाठीमागं, दुसऱ्या हातात धरून ठेवला.

काही होत नाही असं बघून केतकीनं एक डोळा उघडला.

"तू काय केलंस?" तिनं विचारलं. "तुला का पाठवतायत?"

"मी चुकले बाळा. फार मोठं चुकले."

केतकीनं मान हलवली. हे तिला समजण्यासारखं होतं. ती उठली, पेटीतले आपले फ्रॉक उचलून बाजूला ठेवले आणि दोरीवरची आईची साडी ओढून आणली. तिची वेडीवाकडी घडी करून पेटीत ठेवली. मग आईच्या जवळ आली, पण हात पोचणार नाही एवढी लांब थांबली, आणि मोठ्या माणसानं लहानाला सांगावं तशा आवाजात म्हणाली,

"आत अंधार असला ना, तर दारापाशी बसायचं. खालच्या फटीतनं उजेड येतो. आणि रडायचं नाही हं, आई. रडलं की कडी उशिरा निघते."